कान देऊन

डिसेंबर उजाडला की मुंबईला नौदल दिनाची चाहूल लागते. गेटवेसमोर युद्धनौका दिव्यांच्या माळा लेवून उभ्या राहतात, बँड वाजतो, हेलिकॉप्टरमधून दोरावरून कमांडो सरसर खाली उतरतात आणि बापांच्या खांद्यावर बसलेली पोरं टाळ्या पिटतात. ४ डिसेंबर ही तारीख विजयाची. १९७१ साली त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या तीन लहानशा क्षेपणास्त्र नौकांनी थेट कराचीच्या तोंडाशी जाऊन तडाखा दिला होता. असा दिवस साजरा व्हायलाच हवा.

त्यानंतर पाच दिवसांनी ९ तारीख येते. ती मात्र गुपचूप येऊन जाते. आज ती तारीख आहे.

९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर ‘खुकरी’ ही आपली फ्रिगेट ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले, ६७ जण वाचले. जहाज दिसेनासं व्हायला काही मिनिटं पुरली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आपलं जीवरक्षक जाकीट त्यांनी दुसऱ्याला दिलं, जमेल तेवढ्यांना पाण्यात ढकलून वाचवलं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, पुढे टपाल तिकीट निघालं. ते सगळं यथायोग्य आहे आणि त्यात माझ्यासारख्याने भर घालावी असं काही उरलेलं नाही.

आज मनात आहे ते दुसरं नाव. लेफ्टनंट व्ही. के. जैन.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. मीही ते फार उशिरा ऐकलं, आणि तेही युद्धाच्या संदर्भात नव्हे. नौदलाच्या वार्षिक सन्मानांच्या बातमीत शौर्यपदकांची लांब यादी संपल्यावर शेवटी एक ओळ होती. त्यात लेफ्टनंट व्ही. के. जैन स्मृती सुवर्णपदकाचा उल्लेख होता. उपयोजित संशोधनात चांगलं काम करणाऱ्याला ते देतात, एवढंच. मला कुतूहल वाटलं. लेफ्टनंट म्हणजे नौदलातला खालच्या फळीतला हुद्दा, साधारण विशीतल्या अधिकाऱ्याचा. संशोधनाचं पदक एखाद्या थोर शास्त्रज्ञाच्या नाहीतर निवृत्त अ‍ॅडमिरलच्या नावाने असायचं. इथे हा पोरसवदा लेफ्टनंट कुठून आला? शोधत गेलो आणि खुकरीपाशी पोचलो. हे जैन खुकरीवर होते, आणि त्यांच्या हातात होतं ते जहाजाच्या कानांचं काम.

जहाजाच्या कानांना सोनार म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द ऐकला की आधी पेढीवर बसलेला, डोळ्याला भिंग लावलेला सोनार आठवतो, आणि पाठोपाठ म्हण आठवते, सोनारानेच कान टोचावेत. भाषा कधी कधी अशी उगाच गंमत करते. जहाजाचा सोनार हा इंग्रजी आद्याक्षरांतून तयार झालेला शब्द, त्याचा आपल्या सोनाराशी काडीचा संबंध नाही. पण काम कानांचंच, आणि पारखण्याचंही.

ते काम असं चालतं. जहाजाच्या तळाशी एक यंत्र असतं. ते पाण्यात आवाजाचा एक टणत्कार सोडतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. वाटेत काही आडवं आलं तर तो आदळून परततो, आणि परतायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. शाळेत डोंगरासमोर उभं राहून आरोळी मारण्याचा जो खेळ आपण खेळलो, तोच. पण समुद्र हा डोंगरासारखा सरळ प्रतिस्पर्धी नाही. वरचं पाणी उन्हाने तापलेलं, खालचं गार. या दोन थरांच्या सीमेवर आवाज वाकतो आणि भलतीकडे निघून जातो. त्या सावलीत पाणबुडी बिनघोर पडून राहू शकते. शिवाय माशांचे थवे आहेत, लाटांची खळबळ आहे. आणि सगळ्यांत मोठा गोंगाट जहाजाचा स्वतःचाच असतो. पंख्याची पाती पाणी कापतात, इंजिनं धडधडतात, पाणी कवचाला घासत जातं. जहाज जितकं वेगात, तितकं ते बहिरं.

म्हणजे नीट ऐकायचं असेल तर हळू चालावं लागतं.

हे वाक्य मी लिहिलं आणि थोडा वेळ थांबलो. हे वाक्य एरवी कुठल्याही सकाळच्या चिंतनात खपून गेलं असतं. संथ व्हा, कान द्या, मन शांत ठेवा. आपण श्रोत्यांनी माना डोलावून चहाचा दुसरा कप घेतला असता. पण ९ डिसेंबर १९७१ला अरबी समुद्रात हे सुभाषित नव्हतं. तिथे त्याची किंमत ठरलेली होती. पाणबुडीच्या टप्प्यात संथ चालणारं जहाज म्हणजे आयतं लक्ष्य.

खुकरी, कृपाण आणि कुठार ही तिन्ही जहाजं एकाच जातीची, नावंही एकाच शस्त्रागारातली. ब्रिटिश ब्लॅकवूड वर्गाच्या या फ्रिगेट १९५०च्या दशकातल्या, पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधलेल्या, पण काटकसरीने. युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांचे सोनार जुने झाले होते. समोरची हंगोर फ्रान्समध्ये बांधलेली, दाफ्ने वर्गातली, नौदलात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. बॅटरीवर चालताना ती जवळजवळ मुकी होत असे आणि तिला आपल्या जहाजांपेक्षा खूप लांबचं ऐकू येई. किनाऱ्यावरच्या आपल्या केंद्रांनी तिचे बिनतारी संदेश पकडले, दीवच्या आसपास पाणबुडी आहे असं कळलं आणि तिला हुडकायला हे दल निघालं. कुठारच्या बॉयलरमध्ये बिघाड झाल्याने ती मागे राहिली. दोघी गेल्या.

शिकारी निघाला होता, पण सावजाचे कान शिकाऱ्यापेक्षा तिखट होते. हे नौदलातल्या जाणत्यांना माहीत होतं. म्हणूनच या जुन्या सोनारची श्रवणशक्ती वाढवायचा एक प्रयोग खुकरीवर चालू होता. त्याच प्रयोगाशी जैन यांचं नाव जोडलेलं आहे. आहे त्याच यंत्रात सुधारणा करून जरा आणखी लांबचं ऐकू येतं का, हे पाहायचं होतं. त्यासाठी वेग कमी ठेवायचा.

पुढे वर्षानुवर्षं यावर वाद झाले, अजूनही होतात. जहाज इतकं हळू का चाललं होतं, नागमोडी का गेलं नाही, युद्धाच्या ऐन धामधुमीत प्रयोग कशाला. या वादात नौदलातले मोठे अधिकारी उतरले, वाचलेल्या लोकांनी आपापलं सांगितलं, पुस्तकं लिहिली गेली. मी काही दर्यावर्दी नाही. पण एक सामान्य वाचक म्हणून माझं मत सांगतो. प्रयोगाला दोष देणं मला पटत नाही. प्रयोग हा तिथे चैन म्हणून चाललेला नव्हता. कान जुने होते, नवे विकत घ्यायला वेळ नव्हता आणि शत्रू पाण्याखाली येऊन बसला होता. आहे त्या कानांनीच थोडं जास्त ऐकता येईल का, हा प्रश्न विचारणं हा त्या वेळचा सर्वांत शहाणा उद्योग होता. जहाज बुडालं म्हणून तो प्रश्न चुकीचा ठरत नाही. औषध घेऊनही रोगी दगावला तर आपण औषध शोधणाऱ्याला गुन्हेगार म्हणत नाही.

मी त्या डिसेंबरात दादरच्या एका चाळीत चौथीत होतो. युद्ध म्हणजे आमच्यासाठी ब्लॅकआउट. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेले, बल्बला पुठ्ठ्याची टोपी, मोटारींच्या दिव्यांचे वरचे अर्धे डोळे काळे फासलेले. कुणाच्या घरातून उजेडाची फट दिसली की खालून वॉर्डनची शिट्टी आणि पाठोपाठ शिवी. दत्तजयंती नुकतीच झाली होती, मार्गशीर्षातला वद्य पक्ष चालू होता, त्यामुळे संध्याकाळनंतर मुंबई कधी नव्हे इतकी काळीभोर होई आणि आम्ही पोरं गच्चीवर पहिल्यांदाच इतके तारे पाहत असू. आमची आजी म्हणे, लढाईने एवढं एक बरं केलं, आभाळ दाखवलं. तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

आणि रेडिओ. रात्री पावणेनऊच्या हिंदी बातम्या हा त्या दिवसांतला घरोघरचा नेम होता. वडील कानाशी ट्रान्झिस्टर धरून बसत, शेजारचे दोघं-तिघं दाराशी उभे राहत आणि आम्हाला दम भरला जाई की आता कुणी चकार शब्द काढायचा नाही. सगळी चाळ कान देऊन ऐके. सगळा देशच ऐकत होता बहुधा.

हे एवढ्यासाठी सांगितलं की खुकरीवरून जे वाचले, त्यांच्या आठवणींत हीच पावणेनऊची बातमी आहे. जहाजावरही रेडिओ लावला होता. निवेदकाचा आवाज आला, आज युद्धाचं काय झालं ते आता कळेल म्हणून माणसं कान टवकारून बसली, आणि त्याच क्षणी पाण्याखालून टॉर्पेडो येऊन आदळला. दिवे गेले. जहाज कलंडलं. तळातून वर यायच्या वाटा अरुंद, शिड्या उभ्या, आणि काळोख. बहुतेकांना वर येताच आलं नाही. त्या रात्री चंद्रही उशिरा उगवणार होता.

म्हणजे त्या घटकेला आम्ही दादरला ऐकत होतो, ते जहाजावर ऐकत होते, खुकरीचा सोनार पाण्यात ऐकत होता आणि त्याच्याहून लांब कानांची हंगोर या सगळ्यांना ऐकत होती. आमच्या ट्रान्झिस्टरमधून ती बातमी त्या रात्री येणं शक्यच नव्हतं. ती घडत होती.

खुकरीच्या आधी हंगोरने पहिला टॉर्पेडो सोडला होता कृपाणवर. तो तिच्या खालून गेला, पण फुटला नाही. कृपाणवरची माणसं त्यामुळे जगली, म्हातारी झाली, नातवंडं पाहिली. पाण्याखाली एक लोखंडी नळकांडं फुटतं की नाही यावर किती घरांत दिवे लागायचे हे ठरतं. नशीब या शब्दाचा अर्थ मला त्या न फुटलेल्या टॉर्पेडोइतका नेमका दुसरीकडे कुठे सापडलेला नाही. खुकरीवरून वाचलेल्यांना दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ या आपल्या जहाजाने पाण्यातून वर घेतलं.

आणि हिशेब एकाच बाजूचा मांडू नये. पाच रात्रींपूर्वी कराचीबाहेर ‘खैबर’ ही त्यांची विनाशिका बुडाली तेव्हा २००हून अधिक खलाशी गेले. विशाखापट्टणमजवळ ‘गाझी’ पाणबुडी आतल्या एकूण एक माणसासह बुडाली. तिथेही कुणीतरी विशीतला लेफ्टनंट कानाला हेडफोन लावून बसलेला असणारच. समुद्राला गणवेश ओळखता येत नाही.

आमच्या कोकणात म्हणतात, समुद्र आपल्या पोटात काही ठेवून घेत नाही, आज ना उद्या किनाऱ्याला आणून टाकतो. फुटकी होडी, ओंडका, नारळ, प्लास्टिकची चप्पल. ही समजूत आहे, आणि ती पूर्ण खरी नाही. मालवणकडच्या आमच्या आजोळी एक काकी होत्या, त्यांचा नवरा मचव्याबरोबर गेला तो परत आला नाही. मचव्याची एक फळी आली. काकी संध्याकाळी दारात येऊन उभ्या राहत. कुणी विचारलं तर म्हणत, वारा घ्यायला. कुंकू पुसायचं की नाही, हे कुणी त्यांना सांगू शकत नव्हतं. कायदा सांगतो, सात वर्षं कुणाची काही खबर नसेल तर त्या माणसाला मृत धरावं. शास्त्र सांगतं, देह नसेल तर पळसाच्या पानांचा किंवा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा. त्याला पालाशविधी म्हणतात. कायदा आणि शास्त्र या दोघांनाही एका गोष्टीची जाण आहे, की ज्याचा देह मिळत नाही त्याचं मरण घरच्यांसाठी पूर्ण होत नाही. काहीतरी हातात घेऊन ते संपवावं लागतं. एक मुदत, एक पुतळा, एक फळी.

नौदलात असं काही हाताशी नसतं. जहाज बुडालं त्या जागेवरून जाताना पुष्पचक्र पाण्यात सोडतात. ते थोडा वेळ तरंगतं, लाट त्याला बाजूला नेते, आणि जागा पुन्हा इतर पाण्यासारखी दिसू लागते. समाधीवर निदान गवत तरी उगवतं.

आता जरा वेगळं. हा मजकूर लिहायला बसलो तेव्हा एक अडचण आली. जैन यांच्याविषयी ‘ते’ म्हणावं की ‘तो’? इतका वेळ मी ‘ते’ लिहिलं, कारण रीत तशी आहे. मराठीत वीरमरण आलेल्या माणसाला आपण आदराने बहुवचन देतो आणि मोकळे होतो. पण १९७१मध्ये मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हा पांढऱ्या गणवेशातला असा कुणी अधिकारी समोर आला असता तर मी त्याला काका म्हटलं असतं. कॉलेजात गेलो तेव्हा तो माझा दादा झाला असता. नोकरीला लागलो तेव्हा बरोबरीचा, अरे-तुरेतला. आता माझा धाकटा मुलगाही त्याच्यापेक्षा मोठा आहे. तो लेफ्टनंट तिथेच राहिला आणि मी त्याच्या बाजूने पुढे निघून गेलो, काका, दादा, मित्र आणि मुलगा अशी सगळी नाती एकापाठोपाठ एक मागे टाकत. मराठीत ही सोय आणि ही पंचाईत दोन्ही आहेत. सर्वनाम बदललं की नातं बदलतं. आणि आपल्याकडे मुलगा गेला की आई त्याला ‘ते’ म्हणत नाही. म्हणून इथून पुढे मी ‘तो’ म्हणतो. यात कुणाला अनादर वाटला तर क्षमा असावी. माझ्या बाजूने ती जवळीक आहे.

तर, तो. त्याच्याबरोबर प्रशिक्षण घेतलेले यथाकाळ कमांडर झाले असतील, कॅप्टन झाले असतील, निवृत्त होऊन सकाळी फिरायला जाऊ लागले असतील. त्याचा हुद्दा मात्र पुढे सरकलेला नाही. दर वर्षी पदकाच्या बातमीत तो लेफ्टनंट म्हणूनच येतो, आणि त्याच्या नावाचं पदक घेणारा कित्येकदा त्याच्याहून वरच्या हुद्द्याचा असतो. मला ही उलटापालट फार आवडते. कमांडर पुढे होतो आणि लेफ्टनंटच्या नावाचं सोनं छातीशी धरतो.

आपल्या स्मरणात एक खोड आहे. शूर माणूस म्हटला की आपल्याला छाती आठवते. छातीचा कोट केला, छातीवर गोळ्या झेलल्या. कान देऊन काळोख ऐकणारा माणूस त्या चित्रात बसत नाही. तो वाकलेला असतो. त्याच्यासमोर एक काटा हलत असतो, कागदावर आकडे असतात, कपाळावर आठी असते. त्याच्यावर पोवाडा रचता येत नाही. कप्तान मुल्लांची गोष्ट सांगताना शाळेतल्या मुलांचे डोळे चमकतात, आणि ते चमकावेतच. पण त्याच जहाजावर एक माणूस हेही पाहत होता की आपल्याला शत्रू वेळेवर ऐकू का येत नाही, आणि हे बदलता येईल का. शौर्याच्या आपल्या व्याख्येत हा प्रश्न विचारणाऱ्यासाठी जागा करायला हवी. नौदलाने ती केली, हे नौदलाचं मोठेपण. त्याच्या नावाने त्यांनी पुतळा उभारला नाही, पदक ठेवलं, आणि तेही धाडसासाठी नव्हे, शोधासाठी. म्हणजे दर वर्षी कुणीतरी कुठल्यातरी यंत्रात थोडी सुधारणा करतो, आणि अर्धवट राहिलेल्या त्या रात्रीच्या कामात एक टाका पडतो. श्राद्धाचा याहून चांगला प्रकार मला माहीत नाही.

दीवला मी एकदा गेलो होतो. गोव्यासारखाच हा भाग १९६१च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि पुढे १९८७पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता, त्यामुळे तिथली चर्चं आणि घरांचे रंग आपल्या गोव्याचे धाकटे भाऊ वाटतात. किल्ला भक्कम आहे, आणि रस्त्याकडेला फांद्या फुटलेले विचित्र ताड आहेत, त्यांना तिकडे होका म्हणतात. आपला ताड एकांडा, सरळसोट. हा मात्र मध्येच दुभंगतो, पुन्हा दुभंगतो. पर्यटक बहुतेक दारू स्वस्त म्हणून येतात, ते मान्य करून टाकू.

चक्रतीर्थाच्या किनाऱ्याजवळ एका टेकाडावर खुकरीचं स्मारक आहे. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती, समोर अथांग निळं. मी गेलो तेव्हा एक गुजराती कुटुंब तिथे होतं. छोट्या मुलीने काचेला नाक लावून विचारलं, हे जहाज पाण्यात का नाही? आई म्हणाली, हे खेळण्यातलं आहे, खरं तिथे आहे. आणि तिने समुद्राकडे बोट दाखवलं. मुलगी कितीतरी वेळ समुद्राकडे पाहत राहिली. तिला काही दिसलं नसणार. तिच्या आईने मात्र अगदी बरोबर उत्तर दिलं होतं.

नौदलात जहाजांची नावं मरत नाहीत, हा एक चांगला रिवाज. माझगाव गोदीने बांधलेली नवी खुकरी २३ ऑगस्ट १९८९ला नौदलात दाखल झाली, त्या समारंभाला कप्तान मुल्लांच्या पत्नी सुधा मुल्ला होत्या. ही दुसरी खुकरी ३२ वर्षं समुद्रात राहिली आणि २०२१च्या डिसेंबरात निवृत्त झाली. नंतर तिला दीवच्या प्रशासनाकडे देण्यात आलं. पहिल्या खुकरीला जो किनारा गाठता आला नाही, तिथे दुसरी जाऊन पोचली. आणि तिकडे हंगोरही भंगारात गेली नाही. तीसुद्धा आता कराचीच्या सागरी संग्रहालयात जमिनीवर उभी आहे. तिच्या पोटात शाळेच्या सहली शिरतात. एकमेकींना काळोखात ऐकणाऱ्या त्या दोघींपैकी एक पाण्याबाहेर आहे, दुसरी अजून पाण्यात.

आज ९ डिसेंबर. रात्री पावणेनऊला तुमच्या घरी टीव्ही चालू असेल, बातम्यांवर चार माणसं एकाच वेळी ओरडत असतील, कुकरची शिट्टी होत असेल, फोन वाजत असेल. माझी एवढीच विनंती आहे. पाच मिनिटं आवाज बंद करा. घरातल्या मुलांनी कारण विचारलं तर त्यांना एका लेफ्टनंटचं नाव सांगा, आणि तो काय ऐकायचा प्रयत्न करत होता तेही सांगा.